क्रेडिट रिपोर्टमधली थकबाकीची चुकीची नोंद कशी हटवायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कर्जाचा अर्ज नाकारला जातो. समोरचा अधिकारी स्क्रीनकडे बघत म्हणतो, "सिबिलला जुनी थकबाकी दिसतेय." कुणाची, किती, कधीची, हे तो सांगत नाही. त्यात त्याचा दोष नसतो. बँकेला मिळणाऱ्या प्रतीत इतर बँकांची नावं बहुतेक वेळा झाकलेली असतात. मग माणूस घरी येऊन आठवत बसतो. मी बरीच वर्षं एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात काम केलं आणि असे चेहरे समोर बसलेले खूप पाहिले. त्यांनी विचारलेले, आणि आजही ओळखीपाळखीतून येणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

सगळ्यात आधी काय करायचं?

आपला क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या कर्जांची आणि हप्त्यांची नोंद, आपण स्वतः काढायचा. भारतात क्रेडिटची माहिती ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१७ पासून आहे. मोबाइल, पॅन आणि ओटीपी एवढ्यावर तो मिळतो. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरच जा. "फ्री सिबिल" म्हणून जाहिरात करणारी अॅप तुमचा नंबर कर्ज विकणाऱ्यांच्या हाती देऊ शकतात.

चारही काढा. लोक सिबिलवर थांबतात, कारण आपल्याकडे क्रेडिट रिपोर्टलाच सिबिल म्हणतात. पण चुकीची नोंद एका ठिकाणी दुरुस्त होऊन दुसरीकडे तशीच राहिलेली मी पाहिली आहे, आणि नवी बँक नेमका तोच दुसरा रिपोर्ट काढते.

रिपोर्टमध्ये इतकं काय काय असतं. नेमकं कुठे बघू?

स्कोअर, म्हणजे तुमच्या फेडीच्या सवयीला दिलेले गुण, ३०० ते ९०० यांच्यामध्ये असतो. पहिल्या दिवशी तो बाजूला ठेवा आणि खात्यांच्या यादीत चार गोष्टी बघा: कर्ज देणाऱ्याचं नाव, थकीत रक्कम, माहिती पाठवल्याची शेवटची तारीख आणि खात्याची स्थिती. त्याखाली महिन्यांचा तक्ता असतो. त्यातले आकडे म्हणजे हप्त्याला किती दिवस उशीर झाला ते. ०००चा अर्थ वेळेवर, ०३० म्हणजे तीस दिवस उशीर. नव्वद दिवसांच्या पुढे गेलं की खातं एनपीएमध्ये, म्हणजे अनुत्पादक कर्जांत जातं.

स्थितीच्या रकान्यात "रिटन ऑफ", "सेटल्ड" किंवा "सूट फाइल्ड" असा शब्द असेल तर तीच आपली गाठ. "सूट फाइल्ड" म्हणजे बँकेने दावा लावलेला आहे.

"रिटन ऑफ" म्हणजे बँकेने माझं कर्ज माफ केलं ना?

नाही. हा गैरसमज फार महागात पडतो, म्हणून इथे जरा थांबतो.

वसूल होण्याची आशा कमी झाली की बँक ते कर्ज आपल्या ताळेबंदातून काढते. ही बँकेच्या हिशेबातली गोष्ट आहे. तुमचं देणं तसंच राहतं, वसुली चालू राहते, एजंटचे फोनही येतात. नवं कर्ज देणाऱ्याच्या नजरेला या शब्दाएवढं दुसरं काहीच टोचत नाही. "फोन यायचे बंद झाले, म्हणजे मिटलं असेल" असं समजून लोक निर्धास्त राहतात आणि सहा वर्षांनी गृहकर्ज मागायला गेल्यावर त्यांना हा शब्द पहिल्यांदा दिसतो.

कुठली नोंद हटू शकते आणि कुठली नाही?

जी चूक आहे ती हटलीच पाहिजे, तो तुमचा कायदेशीर हक्क आहे. फेडलेलं कर्ज थकीत दिसणं, रक्कम चुकीची असणं, एकच कर्ज दोनदा दिसणं, तुमचं नसलेलं कर्ज तुमच्या नावावर असणं, बंद केलेल्या कार्डावर शुल्क चढत राहणं, हे सगळं त्यात येतं.

जी नोंद खरी आहे ती कुणीही हटवू शकत नाही. तिची स्थिती मात्र सुधारू शकते: देणं पूर्ण फेडलं तर थकीत रक्कम शून्य होते आणि खातं बंद दिसतं. उशीर झालेले महिने तक्त्यात राहतात आणि नवे महिने येतील तसे मागे सरकतात. सिबिलच्या रिपोर्टमध्ये हा तक्ता ३६ महिन्यांपर्यंतचा असतो.

तक्रार कुणाकडे करायची, सिबिलकडे की बँकेकडे?

दोघांकडे, एकाच दिवशी. पण खरा जोर बँकेवर लावायचा. सिबिलसारखी कंपनी स्वतः काही लिहीत नाही. बँक पाठवेल ते ठेवते. तुम्ही ऑनलाइन हरकत नोंदवली, म्हणजे आपल्या बोलीत "डिस्प्यूट टाकला", की ती कंपनी तो बँकेकडे पाठवते. बँक "आमची माहिती बरोबर आहे" म्हणाली तर नोंद जशीच्या तशी राहते. बँकेत तो अर्ज एखाद्याच्या पुढ्यात शंभर अर्जांबरोबर येतो आणि तो फक्त संगणकावरची शिल्लक बघून उत्तर देतो. तुमचा ना-देय दाखला, म्हणजे कर्ज पूर्ण फिटल्याचा बँकेचा कागद, त्याच्यासमोर नसतोच. म्हणून दाखल्यासह लेखी अर्ज बँकेत वेगळा द्यावा लागतो.

डिस्प्यूट टाकताना रिपोर्टवरचा कंट्रोल नंबर लागतो. प्रकार नीट निवडा: रक्कम चुकीची, खातं माझं नाही, की खातं दोनदा दिसतंय. चुकीचा प्रकार निवडला की अर्ज भलत्याच वाटेने जातो आणि महिना वाया.

बँकेला अर्ज कसा लिहू?

लहान लिहा. आपल्यावर काय काय गुदरलं ते सगळं लिहावंसं वाटतं, मला ते समजतं. पण वाचणाऱ्याला खाते क्रमांक, तारीख आणि मागणी एवढंच हवं असतं. हा नमुना वापरा:

"प्रति, तक्रार निवारण अधिकारी. विषय: कर्ज खाते क्रमांक अमुक, क्रेडिट रिपोर्टमधील चुकीची नोंद दुरुस्त करण्याबाबत. वरील खाते मी अमुक तारखेला पूर्ण फेडले असून ना-देय दाखल्याची प्रत सोबत जोडली आहे. तरीही अमुक तारखेच्या रिपोर्टमध्ये इतके रुपये थकबाकी दिसत आहे. कृपया चारही क्रेडिट माहिती कंपन्यांना दुरुस्त माहिती पाठवावी व पाठवल्याची तारीख मला लेखी कळवावी. मागणी मान्य नसल्यास कारण आणि खात्याचा संपूर्ण उतारा द्यावा. ३० दिवसांत निवारण न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार भरपाई लागू होते, याची नोंद घ्यावी."

सोबत रिपोर्टचं ते एकच पान जोडा आणि चुकीच्या ओळीभोवती पेनाने गोल करा. शाखेत दिलात तर आपल्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख घेतल्याशिवाय उठू नका. ईमेलने पाठवलात तर तक्रार क्रमांक जपून ठेवा.

पोच घेण्याचा आग्रह मी का धरतो ते सांगतो. माझं स्वतःचं एक क्रेडिट कार्ड मी फोनवरून बंद करायला सांगितलं होतं. "झालं सर" असं उत्तर मिळालं. ते झालंच नव्हतं. वार्षिक शुल्क, त्यावर व्याज, त्यावर दंड असं चढत गेलं आणि माझ्या नावापुढे "रिटन ऑफ" लागलं, कर्ज विभागात बसून इतरांचे रिपोर्ट वाचणाऱ्या माणसाच्या नावापुढे. माझ्याकडे त्या फोनचा काहीच पुरावा नव्हता. पुढे कार्ड परत केल्याच्या कुरिअरची पावती एका जुन्या पाकिटात सापडली आणि तिच्या तारखेवर सगळं सुटलं. त्या पावतीशिवाय मला कुणी दारात उभं केलं नसतं.

किती दिवसांत उत्तर यायला हवं?

तीस दिवसांत. २००५ च्या क्रेडिट माहिती कंपन्यांच्या कायद्यातच ही मुदत आहे. तिची वाटणीही ठरलेली आहे: बँकेने २१ दिवसांत दुरुस्त माहिती पाठवायची, उरलेल्या दिवसांत क्रेडिट कंपनीने ती चढवायची. तीस दिवस उलटले तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळते. २१ दिवसांत बँकेने काही केलं नाही तर ती बँकेने द्यायची, बँकेने वेळेत पाठवूनही क्रेडिट कंपनीने दिरंगाई केली तर तिने. तक्रार निकाली निघाल्यापासून पाच कामकाजाच्या दिवसांत रक्कम खात्यात जमा व्हायला हवी. हा नियम २६ एप्रिल २०२४ पासून लागू आहे.

रक्कम लहान वाटेल. पण हा नियम अर्जात लिहिलेला दिसला की अर्ज ढिगाऱ्यातून वर येतो. तो लिहाच.

बँक म्हणते, आमची नोंद बरोबर आहे. आता?

कारण लेखी मागा. दुरुस्ती नाकारली तर कारण कळवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. मग खात्याचा उतारा घेऊन एक संध्याकाळ बसा आणि तुमच्या पासबुकातल्या हप्त्यांच्या तारखा त्यासमोर मांडा. तफावत बहुधा अशा जागी निघते: शेवटचा हप्ता सुट्टीच्या दिवशी भरला म्हणून एका दिवसाचं व्याज राहिलं, चेक परतल्याचा दंड वेगळा उभा होता, किंवा विम्याचा हप्ता कर्जातच जोडलेला होता. चाळीस-पन्नास रुपयांसाठी वर्षानुवर्षं "थकीत" दिसणारी खाती मी पाहिली आहेत.

तरीही पटलं नाही, किंवा तीस दिवसांत उत्तरच आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा. एकात्मिक लोकपाल योजना नोव्हेंबर २०२१ मध्ये आली आणि १ सप्टेंबर २०२२ पासून क्रेडिट माहिती कंपन्याही तिच्याखाली आहेत. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर होते, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. फी नाही आणि वकीलही लागत नाही. अट एवढीच की आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली हवी आणि त्याच विषयावर कोर्टात दावा चालू नको. इथे तो शिक्का मारलेला कागद कामी येतो.

हे कर्ज मी घेतलेलंच नाही!

आधी घरात विचारा. रागावू नका, पण विचारा. कुणाला जामीन राहिलात का, भावाच्या गाडीच्या कर्जावर सहकर्जदार म्हणून सही केलीत का, हप्त्यावर घेतलेल्या मोबाइलचं काय झालं? यातलं बरंच विसरलेलं असतं.

खरोखर तुमचं नसेल तर दोन शक्यता. एक, सारखं नाव आणि जन्मतारीख असलेल्या दुसऱ्या माणसाचं खातं तुमच्या रिपोर्टमध्ये मिसळलंय. तिथला पत्ता आणि पॅन जुळवून बघा, लगेच लक्षात येईल. दुसरी, तुमच्या पॅन-आधारच्या प्रतीवर कुणीतरी कर्ज उचललंय. अशा वेळी बँकेकडे तीन गोष्टी मागा: अर्जाची प्रत, केवायसीचे, म्हणजे ओळख आणि पत्त्याचे कागद आणि कर्जाची रक्कम कुठल्या खात्यात गेली त्याचा तपशील. पैसे तुमच्या खात्यात आलेच नाहीत, यापेक्षा मोठा पुरावा नाही. पोलिसांत किंवा सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार करा, हेल्पलाइन १९३० आहे, आणि तिची प्रत अर्जाला जोडा. "तुम्ही आधी भरा, मग बघू" असं कुणी म्हटलं तर एक रुपयाही भरू नका. भरलेला रुपया म्हणजे कर्ज कबूल केल्यासारखं धरलं जातं.

माझं कर्ज बँकेने दुसऱ्याच कंपनीला विकलं. आता दोघांच्या नावाने दिसतंय.

बुडीत कर्ज बँका मालमत्ता पुनर्रचना कंपन्यांना विकतात, ते कायदेशीर आहे. त्यानंतर पैसे त्या नव्या कंपनीला द्यायचे, आणि जुन्या बँकेच्या ओळीत थकीत रक्कम उभी राहता कामा नये. दोन्हीकडे तीच रक्कम दिसत असेल तर तुमचं कर्ज कागदावर दुप्पट झालंय. "खातं दोनदा" या प्रकारात डिस्प्यूट टाका आणि दोघांनाही पत्र द्या.

पैसे भरण्याआधी जुन्या बँकेकडून कर्ज हस्तांतराचं पत्र मागा. पैसे फक्त कंपनीच्या कर्ज खात्यात, पावती घेऊन. घरी आलेल्या माणसाच्या हातात रोख किंवा त्याच्या खासगी यूपीआयवर कधीही नाही.

सेटलमेंट करून मोकळा झालो, तरी कर्ज मिळत नाही. असं का?

कारण "सेटल्ड" म्हणजे बँकेने ठरलेल्यापेक्षा कमी घेऊन खातं मिटवलं. एजंट सांगतो, "साहेब, चाळीस हजारात विषय संपवू." विषय संपतो, शब्द राहतो. हे त्याने आधी सांगायला हवं, तो सांगत नाही.

ही खरी नोंद आहे, म्हणून डिस्प्यूट टिकणार नाही. मार्ग एकच: बँकेला लेखी विचारा की सोडून दिलेली रक्कम भरली तर खातं पूर्ण फेड म्हणून बंद दाखवाल का. अनेक बँका तयार होतात. त्यांचं उत्तर कागदावर आल्यावरच पैसे भरा, आधी नाही. अजून सेटलमेंट केली नसेल आणि पूर्ण रक्कम हप्त्यांनी का होईना जमणार असेल, तर तीच वाट धरा. अगदीच अशक्य असेल तर सेटलमेंट करा, त्यात लाज नाही. घरात आजारपण असताना स्कोअरसाठी सावकाराकडून पैसे काढणं हे त्याहून वाईट.

सात वर्षांनी नोंद आपोआप जाते म्हणतात?

आपल्याकडचा नियम सांगतो की क्रेडिट कंपनीने माहिती किमान सात वर्षं ठेवावी. "किमान" हा शब्द ऐकताना गळतो आणि लोक सात वर्षं वाट बघत बसतात. सात वर्षांनी पुसलंच पाहिजे असं त्यात नाही. खातं उघडं असेल आणि बँक दर पंधरवड्याला माहिती पाठवत असेल, तर ती नोंद ताजीच राहते.

अमेरिकेत असलेल्या आपल्या लोकांसाठी: तिथे गोष्ट वेगळी आहे. वसुली कंपनीकडे गेलेलं देणं साधारणपणे मूळ थकबाकीपासून सात वर्षांनी रिपोर्टवरून उतरतं, आणि वसुली कंपनीची पहिली रीतसर सूचना आल्यापासून ३० दिवसांत तुम्ही लेखी पुरावा मागू शकता. तिथला हा नियम इथे लावू नये.

कर्जमाफी झाली होती, तरी सातबाऱ्यावाल्या माणसाला कर्ज नाकारतात. काय करायचं?

२०१७ ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आणि २०१९ ची महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना, या दोन्हींत सरकारने बँकेला पैसे दिले. एकात मर्यादा दीड लाखाची, दुसरीत दोन लाखांची. बँकेला पैसे मिळाले तर खात्यावर थकबाकी दिसायचं कारण नाही. कर्जमुक्तीच्या वेळी आधार प्रमाणीकरण केल्याची पावती मिळाली होती, ती शोधा. ती आणि खाते उतारा घेऊन शाखेत जा आणि वरच्याच नमुन्यात अर्ज द्या. मर्यादेपेक्षा जास्तीचं कर्ज असेल तर माफी मिळालीच नसेल असंही होऊ शकतं, तेही उताऱ्यात कळेल. अर्ज लिहिता येत नसेल तर गावातल्या शिकलेल्या मुलाला सोबत न्या. त्याच्यासाठी हे अर्ध्या तासाचं काम आहे.

मी नुसता जामीनदार आहे. माझ्या रिपोर्टवर का?

कारण सही करताना तुम्ही ते देणं आपलं म्हणून स्वीकारलंत. नोंद बरोबर आहे. कर्जदाराने फेडल्यावर मात्र तुमच्या रिपोर्टमध्येही खातं बंद झालं का ते स्वतः तपासा. इथे चूक राहून जाते.

"पाच हजारात सिबिल क्लिअर करून देतो" म्हणणाऱ्याला काम द्यावं का?

देऊ नका. तो तुमच्या नावाने तोच फुकटचा डिस्प्यूट टाकतो. नोंद चुकीची असेल तर ती तुमच्या अर्जानेही निघाली असती. खरी असेल तर त्याच्याकडूनही निघत नाही, आणि तोवर तुमचा पॅन, आधार, ओटीपी त्याच्याकडे गेलेला असतो. गरजू माणसाच्या घाईवर चालणारा हा धंदा आहे, आणि त्याचा मला मनापासून संताप येतो.

वसुलीवाला म्हणतो, "आज भरलं नाही तर सिबिल कायमचं खराब करीन."

नोंद बँक पाठवते, तो नाही. थकबाकीची माहिती पाठवताना बँकेने तुम्हाला एसएमएस किंवा ईमेलने कळवायचं असतं. एजंटने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही, शिवीगाळ करायची नाही, नातेवाइकांना गाठून बदनामी करायची नाही. फोनच्या वेळा लिहून ठेवा, मेसेज पुसू नका, आणि बँकेकडे त्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावाने वेगळी तक्रार द्या. देणं असलं तरी अपमान सोसायचं बंधन तुमच्यावर नाही.

नोंद दुरुस्त झाली. स्कोअर कधी वाढेल?

१ जानेवारी २०२५ पासून बँकांनी किमान दर पंधरवड्याला माहिती पाठवायची आहे, त्यामुळे पूर्वीसारखं महिना-दीड महिना थांबावं लागू नये. बँकेने दुरुस्तीची तारीख कळवल्यावर तीन आठवड्यांनी चारही ठिकाणी पुन्हा बघा. चुकीचं "रिटन ऑफ" निघालं तर फरक मोठा पडतो. तोवर नव्या कर्जासाठी चार बँकांत अर्ज टाकत फिरू नका, प्रत्येक चौकशीची नोंद राहते. घराचा व्यवहार अडला असेल तर दुरुस्तीचं बँकेचं पत्र थेट कर्ज अधिकाऱ्याच्या हातात द्या. रिपोर्ट बदलायच्या आत त्या पत्रावर फाइल पुढे सरकवलेली मी स्वतः पाहिली आहे, आणि काही मी सरकवल्याही आहेत.